गिरणीची ओटी

"तुझ्या घरी जनावरं किती?" वकीलबाईनं विचारलं.

राजूबाईला वाटलं, आपण चुकून दुसऱ्याच खोलीत शिरलो. गेलेल्या हाताचं विचारायचं सोडून ही बाई जनावरं मोजायली.

"एक मांजर हाय," ती म्हणाली. "ती बी माजी न्हाई. येती, दूध नसलं की जाती."

"मांजर कडबा खाते?"

"न्हाई की."

"मग कडबा कापायचं मशीन तुझ्या घरी काय करत होतं?"

राजूबाईनं मान खाली घातली. टेबलावर सरकारी दवाखान्याचा कागद होता. घरी कडबा कापताना यंत्रात हात गेला, एवढंच त्यावर लिहिलेलं. ते खोटं होतं. खरा होता तो हात, आणि तो कोपराखाली वीतभरच उरला होता. राजूबाईनं त्याच्यावर पोलक्याची लांब बाही शिवून घेतली होती आणि टोकाला गाठ मारली होती. गाठ शेजारणीनं मारली होती. एका हातानं गाठ बसत नाही.

वकीलबाईचं नाव उमादेवी. गुलबर्ग्याच्या कोर्टाच्या आवारात गरिबांना फुकट सल्ला द्यायची एक खोली आहे, तिथं ती बसायची. बाई कानडी, पण आई बसवकल्याणकडची, म्हणून मराठी तोंडात बसलेलं. दिवसभर लोकांची रडगाणी ऐकून तिच्याही डोळ्यांखाली काळं धरलं होतं.

"हे डॉक्टरला कुणी सांगितलं? तू?"

"म्या शुद्धीवर कुठं व्हते. काशप्पानं सांगितलं. मग मला इचारलं तवा म्या बी तेच सांगितलं."

"काशप्पा कोण?"

"भाऊ," राजूबाई म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, "ठेकेदार."

दोन्ही खरं होतं, आणि सगळा घोळ तिथंच होता.

राजूबाईचं माहेर मंठाळ. काशप्पाही मंठाळचाच, तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडचा. राजूबाईचा नवरा हैदराबादला कामाला म्हणून गेला आणि तिकडं दुसरा संसार मांडून बसला. मेला असता तर लोकांनी तिला विधवा तरी म्हटलं असतं. जिवंत नवऱ्यानं टाकलेली बाई ही कुठल्याच रांगेत बसत नाही. गावात हळदीकुंकू असलं की तिच्या दारावरनं बोलावणं पुढं जायचं. कपाळाला कुंकू होतं, पण त्या कुंकवाला कुणी पाटावर बसवत नव्हतं. अशा बाईला काशप्पानं गुलबर्ग्याला आणलं, डाळीच्या गिरणीत लावलं, पत्र्याची खोली बघून दिली. दर नागपंचमीला तिला खणाचा कपडा दिला. "अक्का, तुला भाऊ न्हाई, मला बहीण न्हाई," म्हणाला. राजूबाईनं त्याच्यासाठी पंचमीचा उपास धरला. भाऊ माणसं पुरवायचा ठेका घेत होता आणि बहिणीचं नाव कुठल्याच हजेरीत घालत नव्हता, याचं तिला काही वाटलं नाही. घरच्या माणसाचं नाव कोण लिहून ठेवतं?

गिरणीत तिचं काम झाडायचं. तूर भरडली की भुसा पडतो, चुनी पडते. माल वर नेणारा बादल्यांचा पट्टा जिथं खाली खड्ड्यात फिरतो तिथं सगळं साचतं. बायका साडीवर गड्यांचे जुने शर्ट घालायच्या, धूळ अंगाला बसू नये म्हणून. पट्ट्याला जाळी होती. भुसा जाळीत तुंबायचा, जाळी साफ करायला मशीन थांबवायला लागायचं, म्हणून मालकानं जाळीच काढून ठेवली. काढलेली जाळी भिंतीला टेकून उभी होती, कुठं गेलीच नव्हती. येळवस सणाच्या आदल्या दिवशी, उद्या सगळे गावाकडं शेतात जेवायला जाणार म्हणून माल उरकायची घाई चाललेली, राजूबाईच्या शर्टाची बाही बादलीत अडकली.

तेवढंच तिला आठवत होतं. आणि शिवगंगा ओरडलेली आठवत होती.

"नोड, राजव्वा," उमादेवी कानडीत सुरू करून मराठीवर आली, "कागदावर नाव नाही म्हणून तू कामगार नाहीस, असं कायदा म्हणत नाही. काम केलंस, मजुरी घेतलीस, कामावर असताना हात गेला. बास. ठेकेदारानं लावलं असलं तरी गिरणी मालकाची आहे, तो सुटत नाही. तुझा विमा काढायला पाहिजे होता. काढला नाही हा त्याचा गुन्हा आहे, तुझा नव्हे. आधी ते विम्याचं दार वाजवू. तिथं नाहीच जमलं तर नुकसानभरपाईचं दार आहे. दोन्हीकडून मिळत नाही, एकीकडूनच मिळतं. पण किती ते मालकाच्या दयेवर नाही. तुझं वय, तुझी मजुरी, गेलेला हात, यावरून कायद्यात ठरलेलं आहे. आणि जाळी काढली होती ते कारखान्याच्या तपासनिसाला कळवायचं."

राजूबाई ऐकत राहिली. इतकी दारं आहेत हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. गरिबाला दार आहे हेच सांगितलं नाही की कुलूप घालायचाही खर्च वाचतो.

"मुदत दोन वर्षांची," उमादेवी म्हणाली. "मग इतके दिवस का बसलीस गप?"

"बसले की. हात गेल्यावर मालक म्हणाले, मरेपतुर हितंच खा. गच्चीवर डाळ वाळाय टाकत्यात, तिथं पाखरं हाकायला ठिवलं मला. एका हातानं पाखरं हाकता येत्यात. आता वाळवायचं मशीन आणलंय. पाखरं येत न्हाईत. मग म्हणाले, तू बी येऊ नगं."

उमादेवीनं दवाखान्याचा कागद उलटून तारीख बघितली.

"येळवसपतुर येळ हाय न्हवं?" राजूबाईनं विचारलं. "आदल्या दिशीच गेलाय हात. म्या ध्यानात ठिवलंय."

"येळवस अमावस्येवर चालते, कोर्ट नाही चालत. यंदा येळवस लांब आहे. तुझी मुदत येत्या सोमवारी संपते."

राजूबाईला आधी कळलंच नाही. ती दोन वर्षं येळवसवर डोळा ठेवून बसली होती, जशी पेरणी नक्षत्रावर डोळा ठेवून करतात. तिच्या माणसांत सगळ्या आठवणी सणाला बांधलेल्या असतात. कोण कधी जन्मलं, कोण कधी गेलं, कुणाचं लग्न कधी झालं, सगळं सणाच्या अलीकडं नाहीतर पलीकडं. तारीख नावाचं जनावर त्या दावणीला कधी बांधलंच नव्हतं.

"उशीर झाला तर संपलं असं नाही," उमादेवी म्हणाली. "पण उशीर का झाला ते पटवायला लागतं, त्यातच वर्ष जातं. त्यापेक्षा आत्ता घालू. साक्षीदार आहे कुणी?"

"शिवगंगा. माज्या शेजारच्या खोलीत ऱ्हाती. अजून गिरणीतच हाय. तीच वरडली मशीन बंद करा म्हून."

"तिला घेऊन ये. दवाखान्यातलं खोटं तिच्या खऱ्यानं खोडायचं. आणि इथं अंगठा दे."

राजूबाईचा डावा हात मांडीवरून हलला नाही.

"काय झालं?"

"म्या त्यांची ओटी घेतलीय, बाई."

उमादेवीनं पेन खाली ठेवलं.

दवाखान्यातनं सुटल्यावर आठवड्यानं काशप्पा राजूबाईला गिरणीत घेऊन गेला होता. मालक शिवशंकरप्पाची बायको चंद्रम्मा स्वतः आली होती, जरीची साडी नेसून, नाकात नथ घालून. अंगणात पाट मांडला होता. सगळ्या बायकांना काम थांबवून बोलावलं होतं. राजूबाईला पाटावर बसवलं. हळद लावली, कुंकू लावलं. लग्नानंतर पहिल्यांदा कुणीतरी तिला पाटावर बसवत होतं. ओटी घ्यायला पदर दोन्ही हातांत धरायला लागतो. राजूबाईचा एक हात पट्ट्यांत गुंडाळलेला. मग शिवगंगानं पुढं होऊन पदराचं दुसरं टोक धरलं आणि त्या पदरात चंद्रम्मानं तांदूळ, खण, नारळ, वर साडी घातली. म्हणाली, "तू आमच्या गिरणीची लेक." राजूबाई हुंदके देऊन रडली. लोकांना वाटलं हातासाठी रडली. ती हातासाठी रडली नव्हती.

त्यांच्या गावाकडं बांधाचं भांडण असो, मारामारी असो, मिटलं की ज्या घराचं नुकसान झालं त्या घरच्या बाईची ओटी भरतात. एकदा ओटी घेतली की त्या घराच्या उंबऱ्यावर बोट दाखवायचं नाही. हे काशप्पाला ठाऊक होतं. त्यानंच मालकाला सुचवलं. गरिबाला विकत घ्यायचं तर पैसा घालावा लागतो. मानाला भुकेल्या बाईला मूठभर तांदळात घेता येतं, आणि वर ती रडून आभार मानते.

"हे बघ," उमादेवीचा आवाज चढला, "कायद्यात ओटी नाही. ओटी घेतली म्हणून हक्क जात नाही."

"कायद्यात नसंल. माज्यात हाय." राजूबाई उठली. "आदी ओटी फेडते. मग अंगठा देते."

"सोमवारी संपतं म्हटलं ना मी! आणि ओटी कशी फेडतात?"

"मला बी म्हाईत न्हाई."

उमादेवी कपाळाला हात लावून बसली. मग दारापर्यंत आली. "कशालाही अंगठा देऊ नको तिथं. कोऱ्या कागदाला तर नाहीच. आणि ऐक. ओटी सगळ्यांसमोर भरली ना? भरताना बघितलं ना सगळ्यांनी? मग हेही डोक्यात ठेव, परक्या बाईची ओटी कुणी उगाच भरत नसतं."

*

शिवगंगा चुलीपुढं बसली होती. नवरा दम्यानं खाटेवर पडलेला, खोकल्याच्या मधून मधून दोघींचं ऐकत.

"साक्ष?" शिवगंगा म्हणाली. "याड लागलं काय तुला? उद्याच्याला मला बी हाकलतील."

"खरं हाय तेवढंच सांगायचं."

"खरं सांगून चूल पेटती का? ह्येंच्या गोळ्या येत्यात का?" तिनं फुंकणी आपटली. "तुज्या हाताला म्या कापडानं बांधलं. रिक्षात मांडीवर घेऊन बसले. अजून काय करू? माजा बी हात काढून देऊ?"

शिवगंगाचं खोटं नव्हतं. ज्याच्यापाशी एकच भाकरी आहे त्यानं अर्धी दिली नाही म्हणून त्याला शिव्या देणारे लोक पोटभर जेवलेले असतात.

"काशप्पाला सांगितलंस का?" शिवगंगानं विचारलं.

"सांगितलं. भावाला न सांगता कसं करू?"

शिवगंगा तिच्याकडं बघतच राहिली. "तुज्यासारखी शहाणी मंठाळात दुसरी न्हाई बघ. वाघाला इचारून शेळी बांधायलीस."

*

शनिवारी राजूबाई गिरणीत गेली. बगलेत पिशवी. पिशवीत ती साडी, घडी न मोडलेली, आणि खण. नारळ खाऊन झाला होता, तांदूळही. ते कुठनं परत आणायचे? तिनं वाटेत एका दुकानातनं नारळ आणि शेरभर तांदूळ घेतले. दुकानदार म्हणाला, "काय बाई, कुणाची ओटी?" ती म्हणाली, "माजीच."

फाटकातच काशप्पा उभा. तोंडात पान.

"आली का कोर्टाची मानकरीण! या, या. सायबीण कुठं हाय, मोटारीत बसलीय का?"

"अण्णा, मालकाला भेटायचंय."

"भेट की. म्या बी तेच म्हणायलाव. घरातलं घरात ऱ्हावं." तो तिच्यासोबत चालायला लागला. आवाज उतरवून म्हणाला, "अक्का, कामून करायलीस असं? म्या तोंड कुठं दाखवू? मंठाळात लोक म्हणतील, काशप्पाची बहीणच त्याच्यावर उलटली."

"तुज्या नावानं न्हाई घालणार. मालकाच्या घालणार."

"ठेका माजा हाय गं बाई! पयलं मलाच धरतील!"

हे राजूबाईला नवं होतं. ती थबकली. तो खोटं बोलत नव्हता, घाबरला होता. तिला त्याची दयासुद्धा आली. हीच तिची खोड. जो तिला खड्ड्यात घालतो त्याला पाय घसरून लागलं का म्हणून ती वर बघायची.

दुपारची जेवायची सुट्टी होती. बायका भिंतीच्या सावलीला डबे सोडून बसलेल्या. शिवगंगाही होती. राजूबाईकडं तिनं बघितलं आणि भाकरीकडं मान वळवली. शिवशंकरप्पा वजनकाट्याच्या शेजारी खुर्ची टाकून बसला होता. कपाळाला आडवी विभूती, पांढरा शर्ट. मोठ्यानं बोलायची त्याला सवय नव्हती. लागतही नव्हती.

"ये राजव्वा. बस. चहा आणा रे." खुर्ची एकच होती, त्यामुळं 'बस' म्हणजे खाली. "मला कळलं. कुणी चढवलं तुला?"

"कुणी न्हाई. माजा हात हितं गेला, मालक."

"इथं?" शिवशंकरप्पा हसला, खरंच वाईट वाटल्यासारखा. "दवाखान्यात तर तू सांगितलंस घरी गेला. आमच्या हजेरीत तुझं नाव नाही. तू कधी इथं कामाला होतीस हे कोण सांगणार? मी भांडत नाही हं. कोर्टात असं विचारतात, म्हणून सांगतो. वकील लोक तुला नाचवतील आणि सोडून देतील. तुझं मन मोडेल."

राजूबाईनं पिशवी जमिनीवर ठेवली. डाव्या हातानं साडी काढली, खण काढला, नारळ काढला, तांदळाची पुडी काढली. सगळं त्याच्या पायापाशी मांडलं. सावलीतल्या बायकांचं खाणं थांबलं.

"हे काय?"

"तुमची ओटी. परत घ्या."

आतल्या खोलीतनं चंद्रम्मा बाहेर आली. शनिवारी ती गिरणीच्या देवाला यायची. पायापाशी मांडलेलं बघून तिचा चेहरा उतरला. "यव्वा! ओटी परत करतात काय कुणी? माझ्या घरात सुना आहेत, लेकी आहेत. काय बोलायलीस तू?"

"म्या लेक हाय ना गिरणीची?" राजूबाईला स्वतःचाच आवाज लांबनं आल्यासारखा वाटला. "मालक म्हणत्यात, म्या हितं कामालाच नव्हते. मग अक्का, तुमी ओटी कुणाची भरली? रस्त्यानं जाणाऱ्या बाईची?"

काशप्पानं पानाची पिंक टाकली आणि शिवशंकरप्पानं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं तोंड पुसलं.

मालक हुशार माणूस. त्यानं क्षणभर विचार केला आणि बायकोला कानडीत दोन शब्द सांगितले. मग राजूबाईला म्हणाला, "ओटीला ओटीनंच उत्तर द्यायचं. कोर्ट कशाला? उद्यापासून कामावर ये. अंगण झाड. एका हातानं येतंय तेवढं कर. चंद्रम्मा आज परत ओटी भरेल, सगळ्यांसमोर. मिटलं म्हणून समज. काय काशप्पा?"

"मोठं मन हाय मालकाचं," काशप्पा म्हणाला. "अक्का, पाया पड."

चंद्रम्मानं सूप आणलं. सुपात तांदूळ, नवा खण, नारळ. पाट मांडला. हळदीचं बोट राजूबाईच्या कपाळाकडं आलं.

आणि खरं सांगायचं तर राजूबाई पाटावर बसली.

ती दमली होती. सोमवार, मुदत, अंगठा, साक्ष, वर्षानुवर्षं चालणाऱ्या तारखा, हे सगळं तिच्यापुढं डोंगरासारखं उभं होतं, आणि इथं पाट होता. झाडायचं काम होतं. कुणीतरी कपाळाला हळद लावत होतं. माणूस अन्यायाला नाही हरत, दमण्याला हरतो. तिचा डावा हात तिला न विचारता पदराकडं गेला. तिनं एक टोक धरलं.

दुसरं टोक मांडीवरनं खाली लोंबत राहिलं.

"शिवगंगा," चंद्रम्मा म्हणाली, "ये गं. मागच्यासारखं धर ते टोक."

शिवगंगा उठली. हातातली भाकरी तिनं डब्यात ठेवली, झाकण लावलं. पुढं आली. राजूबाईच्या उजव्या अंगाला उभी राहिली, जिथं मागच्या वेळी उभी राहिली होती. दोघींची नजरानजर झाली. राजूबाईच्या नजरेत मागणं नव्हतं. उलट, धर बाई आणि संपव, असंच होतं. बहुधा तेच शिवगंगाला सहन झालं नाही.

तिनं हात पाठीमागं नेले.

"धर की," चंद्रम्मा म्हणाली. तांदूळ आणि नारळ धरलेली ओंजळ तिनं पुढं केलेली, थांबता येईना. "हात अवघडले माझे."

"म्या न्हाई धरत, अक्का."

"काय?"

"ह्या पदराचं टोक धराय तिचा सोताचा हात व्हता. तो गेला तवा म्या हितंच व्हते. मशीन बंद करा म्हून वरडले. ह्यो काशप्पा म्हणाला, थांब, माल तुंबंल." ती थांबेना. "एवढा वेळ. एवढा वेळ तिचा हात आत फिरत व्हता. मग बंद केलं. मागल्या टायमाला म्या धरलं टोक. आता न्हाई धरायची."

चंद्रम्माची ओंजळ सुटली. तांदूळ एकटोकी पदरावरनं घसरून अंगणभर झाला. नारळ गडगडत काशप्पाच्या पायाला जाऊन लागला.

"तू उद्यापासून यायचं न्हाई!" काशप्पा ओरडला.

"उद्या कशाला? जेवण झालंय माजं," शिवगंगा म्हणाली आणि डबा घ्यायला वळली.

राजूबाई पाटावरनं उठली. एका हातानं उठताना झोक जातो. शिवगंगानं तिला दंडाला धरलं. कपाळावरची अर्धवट हळद राजूबाईनं पुसली नाही, तशीच ठेवली.

सांडलेल्या ओटीला केरसुणी लावत नाहीत. ती हातानं वेचतात. चंद्रम्मानं बायकांकडं बघितलं. एकीनंही सावली सोडली नाही. कुणी भाकरी चावत होती, कुणी नुसतीच बघत होती. शेवटी मालकीणबाई जरीचा काठ सावरत उकिडवी बसली आणि दाणा दाणा वेचायला लागली. शिवशंकरप्पा खुर्चीवरनं उठला, बसला, परत उठला. फाटकातनं बाहेर पडताना राजूबाईनं एकदाच मागं बघितलं. तिला आनंद वाटायला पाहिजे होता. तिला फक्त पाठ दुखतेय एवढंच कळलं.

*

सोमवारी अंगठा झाला. शिवगंगानं सगळं सांगितलं, उमादेवीनं लिहून घेतलं. कोर्टातल्या माणसानं कागद घेतले, शिक्का मारला, पुढची तारीख दिली. एवढ्यासाठी दोघी सकाळपासून दुपारपर्यंत बाकावर बसल्या.

"आता ऐका," उमादेवी म्हणाली. "गिरणीवाले म्हणतील, शिवगंगाला कामावरनं काढलं म्हणून ती खोटं बोलते. दवाखान्याचा कागद नाचवतील. काशप्पा काय बोलेल सांगता येत नाही, कदाचित घाबरून खरंच बोलेल. तारखा पडतील. मी मिळेलच असं सांगत नाही. वर्षं लागतील."

"व्हय," राजूबाई म्हणाली. जसं बसला उशीर आहे म्हटल्यावर म्हणतात.

बाहेर आल्या. ऊन उतरतं, हवेत गारठा. टपरीवर शिवगंगानं एक चहा घेतला, दोघींत.

"येत्या पंचमीला खण न्हाई तुला," शिवगंगा म्हणाली.

"न्हाई तर न्हाई. उपास तरी वाचला."

दोघी हसल्या, जास्त वेळ नाही. घरी दम्याचा माणूस होता, त्याच्या गोळ्या संपत आल्या होत्या. नवी तूर बाजारात आली होती. गिरण्या जोरात होत्या. त्या तिथनं चालत डाळगिरण्यांच्या रस्त्याला लागल्या. पहिल्या फाटकावर राखणदार भीमण्णा स्टूल टाकून ऊन खात बसला होता. ओळखीचा होता.

"काम हाय का, भीमण्णा?"

"हाय की. झाडायला बाया पायजेतच. तुला. तिला न्हाई." त्यानं राजूबाईच्या गाठ मारलेल्या बाहीकडं बघितलं आणि मान फिरवली.

"पट्ट्याला जाळी हाय का?" शिवगंगानं विचारलं.

"काय?"

"जाळी. आणि हजेरीत नाव घालणार का?"

भीमण्णा मोठ्यानं हसला. मग तिचं तोंड बघून हसणं थांबलं. "नाव बिव नगं गं बाई. नाव पायजे म्हणशील तर काम न्हाई. कामाचं बोल."

शिवगंगा फाटकापाशी बराच वेळ उभी राहिली. आतनं पट्ट्याचा आवाज येत होता, एकसारखा. यात राजूबाईनं बोलायचं नव्हतं. जाऊन काम धर म्हणायलाही तिची जीभ तयार होती.

"चल," शिवगंगा म्हणाली. "पुढं अजून गिरण्या हाइत."

राजूबाईचा पदर खांद्यावरनं घसरला होता. तिनं तो डाव्या हातानं वर ओढला, आणि दोघी पुढच्या फाटकाकडं चालायला लागल्या.